एक सूत आखूड

बॉथेल, २४ ऑगस्ट २०२५

दादा,

मुद्दा आधी. मागच्या दसऱ्याला बाबांनी भरलेल्या काडतुसांचा जो डबा तू अ‍ॅशबर्नला नेलास, त्यातलं एकही उडवू नकोस. पुढचं वाचायचं नसेल तर इथे थांबलास तरी चालेल.

मराठीत लिहिते आहे, कारण माझं इंग्रजी तुला ऑफिसच्या ईमेलसारखं वाटतं. कागदावर लिहिते आहे, कारण तू मला सगळीकडे ब्लॉक केलं आहेस, आणि रविवारी बाबांच्या फोनवर मागून माझा आवाज आला तरी तू फोन ठेवतोस.

आता कारण. काल मी गराजमधलं बाबांचं टेबल आवरत होते. तुझ्या डब्याचा जोडीदार सापडला. त्याच आठवड्यात भरलेला, तसाच निळ्या प्लॅस्टिकचा, पन्नास काडतुसं, बुडं वर. प्रत्येक बुडावर लाल ठिपका. धूळ होती म्हणून ओल्या फडक्याने पुसलं, तर फडकं लाल झालं.

बाबांची लाल खूण पुसली जात नाही. ती आईच्या नेलपॉलिशची असते.

तू नेमबाजीला यायचास, पण टेबलाशी बसायचा तुला कंटाळा होता. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. तुला दिलेली जुनी रिव्हॉल्व्हर आखूड काडतुसाची आहे, फोर्टी-फोर स्पेशल. मॅग्नम तेवढ्याच जाडीचं असतं, पण एक अष्टमांश इंच लांब. बाबा नागपूरच्या कारखान्यात शिकलेल्या भाषेत म्हणतात, एक सूत लांब. मॅग्नमचा जोर दुपटीहून जास्त असतो, आणि ते एक सूत मुद्दाम वाढवलेलं आहे. मॅग्नम जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं तर पूर्ण आत जात नाही, काडतुसांचं चक्र, म्हणजे सिलिंडर, फिरत नाही, त्यामुळे चुकूनही उडवता येत नाही.

कोविडच्या वर्षात आखूड पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, मिळेनाशा झाल्या. तेव्हा बाबा त्यांच्या दुसऱ्या रिव्हॉल्व्हरच्या, वापरलेल्या मॅग्नम पुंगळ्या एक सूत कापून पुन्हा भरायला लागले. कापणं अगदी चोख. मी त्यांच्या कापलेल्या वीस पुंगळ्या एकदा ऑफिसात नेऊन मोजल्या होत्या. तपासलेल्या उपकरणांना तारखेचं स्टिकर लावणाऱ्या आमच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये कोणी एवढा कमी फरक ठेवला तर आम्ही त्याला केक आणतो. पण पुंगळी कापली तरी बुडावर कोरलेलं नाव मॅग्नमचंच राहतं. म्हणून बाबांचा नियम होता: कापली की हातातून खाली ठेवायच्या आधी बुडाला लाल नेलपॉलिश. लाल दिसलं की कमी दारू. बुडावरचं नाव वाचायचंच नाही.

आई गेल्यावर ती बाटली सुकली. मागच्या सप्टेंबरात बाबांनी काही पुंगळ्या कापल्या आणि खूण उद्यावर ठेवली असावी. मग भरायला बसले तेव्हा नाव वाचलं आणि मॅग्नमइतकी दारू भरली; आखूड असल्यामुळे ती काडतुसं तुझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतात.

आणि मग खंडेनवमी आली. तू आदल्या दिवशीच पोचला होतास. पाटावर काय काय होतं ते तुलाही आठवेल: रिव्हॉल्व्हर, माझा मायक्रोमीटर, तुझा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि हे दोन उघडे डबे. बाबांनी कुंकू ओलं करून अनामिकेने प्रत्येक काडतुसाला टिळा लावला. एकही सोडलं नाही. तू म्हणालास, "बाबा, शंभर आहेत, एकाला लावा, बाकीचे शेअर करतील." आपण तिघंही हसलो.

त्यानंतर सगळीच लाल दिसायला लागली.

मी सापडलेल्या डब्यातली पन्नासही उघडून आतली दारू मोजली. एकोणीसमध्ये मॅग्नमची भरलेली आहे. तुझ्या डब्यात किती आहेत ते मला माहीत नाही, म्हणून शंका असलेली वेगळी काढत बसू नकोस. सगळा डबा नेमबाजीच्या क्लबच्या जबाबदार माणसाकडे दे आणि नष्ट करायला सांग.

आश्लेषा


बॉथेल, ६ सप्टेंबर

दादा,

पत्र पोचल्याची पावती आली. सही रीमावहिनीची आहे. मी तिला फोन केला.

"वहिनी, त्याने पत्र वाचलं?"

"टेबलावर आहे अगं."

"उघडलं का?"

"आशू, यार, तुम्ही दोघं एकदाचे कोर्टात जा. मी साक्षीदार म्हणून येते, सामोसे पण आणते."

"काडतुसांचा डबा घरात आहे का?"

"त्या डब्याची काळजी तू सोड."

"सोड म्हणजे?"

"म्हणजे सोड ना! कुकर लावलाय, ठेवते."

वहिनीला मी पुन्हा फोन करून सगळं समजावून सांगितलं आहे. ती हो म्हणाली. ती मला प्रत्येक गोष्टीला हो म्हणते, तिचा स्वभाव आहे. त्यामुळे तिचं हो मी मोजत नाही.

मी आज पुन्हा लिहिते आहे ते वेगळ्या कारणाने. परवा रात्री जेवताना बाबा म्हणाले, "निमिष दसऱ्याच्या शनिवारी क्लबात माझ्याच गोळ्या उडवून राहिला. म्हणाला, बाबा, तुमच्या हातच्या. विकतच्या नाही." दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी पोळी हातात धरून नेम कसा धरायचा तेही दाखवलं.

दसरा दोन तारखेला आहे, म्हणजे शनिवार चार ऑक्टोबर.

तुला माझं म्हणणं खरं मानायचं नसेल तर मानू नकोस. एक बोट ओलं कर आणि कुठल्याही दहा काडतुसांच्या बुडावर घास. कुंकू निघून जाईल. खाली लाल, चकचकीत खूण राहिली तर ते नीट भरलेलं. खाली नुसतं पितळ आणि मॅग्नमचं नाव दिसलं तर मी खरं सांगते आहे. याला ना माझी लॅब लागते ना माझ्यावर विश्वास.

बाबा बरे आहेत. स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी काढून आता इलेक्ट्रिक बसवली आहे. मी आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाते, बाकी घरून.

आश्लेषा


बॉथेल, १४ सप्टेंबर

दादा,

तुझ्याकडून काहीच आलं नाही. रीमावहिनी म्हणते, तू माझी पत्रं उघडत नाहीस आणि फेकतही नाहीस. म्हणून हे पाकीट जाड आहे. यात तीन पुंगळ्या आहेत, रिकाम्या, निरुपद्रवी. एक अख्खी मॅग्नम. एक कापलेली, नेलपॉलिशची. एक कापलेली, बिनखुणेची. तिन्ही शेजारी उभ्या कर. जाडी सारखी, नाव सारखं, फरक एका सुताचा.

तू का वाचत नाहीस ते मी समजू शकते, म्हणून तेही लिहून टाकते. मागच्या दसऱ्याला तू उठलास तेव्हा गराजच्या आतल्या खोलीला नवं कुलूप होतं. आदल्या दिवशी बाबा दुपारी झोपले असताना मी ते बसवलं होतं. त्या आठवड्यात ते दोनदा काडतुसं भरायची प्रेस चालू ठेवून अंगणात निघून गेले होते आणि एकदा मला शेजारच्या मुलीच्या नावाने हाक मारली होती. तू कुलूप पाहिलंस आणि म्हणालास, "आता बाबांचंपण कॅलिब्रेशन करून टाक, आशू. स्टिकर चिकटव. पुढची तारीख घाल." बाबा दारातच उभे होते. मग तू त्यांना म्हणालास की रिव्हॉल्व्हर मला द्या, मी वापरीन, तुमच्याच गोळ्यांनी. दुकानामार्फत रीतसर कागद करून ती तुझ्याकडे पाठवली आणि डबा बॅगेत घालून तू गेलास.

त्या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आताही देत नाही.

पण हे मला दिसतं आहे: बाबांच्या हातून चूक झाली असं मी लिहिते, तेव्हा तुला तो त्यांच्याविरुद्धचा आणखी एक पुरावा वाटतो. ज्या गोष्टीवरून आपण भांडलो तीच गोष्ट सिद्ध करायला मी काडतुसं उघडत बसले आहे, असं. तुझ्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. पण कोणाला काय वाटतं याने पुंगळीतल्या दारूत फरक पडत नाही.

आपण लहान असताना आईने वर्ध्याच्या मावशीला फोनवर सांगितलं होतं, "हे रोज रात्री गराजमध्ये दारू मोजत बसतात," आठवतं? मावशीने आठवडाभराने व्यसनमुक्तीचं पुस्तक पोस्टाने पाठवलं, आणि बाबांनी ते तराजूखाली टेकू म्हणून वापरलं. काल तराजू पुसताना ते सापडलं. अजून तिथेच आहे. मला हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तुझ्या क्लबला मी फोन करू शकते. नाव मला माहीत आहे. केला नाही, कारण मग तिथे तुझ्या वडिलांबद्दल बोललं जाईल आणि ते तुला माझ्या पत्रापेक्षाही जास्त लागेल. तरी शेवटचा उपाय म्हणून तो ठेवला आहे.

त्याआधी एक उपाय आहे. तू माझं ऐकणार नाहीस, बाबांचं ऐकशील. पण त्यांनी तुला सांगायचं तर आधी मला त्यांना सांगावं लागेल. आठवडाभर वाट बघते. पुढच्या रविवारपर्यंत तुझ्याकडून एक ओळ आली तर त्यांना काही कळण्याची गरज नाही. नाही आली तर मी त्यांना सांगणार आहे.

आश्लेषा


बॉथेल, २१ सप्टेंबर

दादा,

सांगितलं.

सकाळची वेळ निवडली. सकाळी चहानंतर दोनेक तास बाबा पूर्वीसारखे असतात. मी डेकवरच्या टेबलावर एक पुंगळी ठेवली आणि शेजारी व्हर्नियर ठेवला. त्यांनी पुंगळी उचलली, मोजली, दिव्याखाली नेण्याची सवय आहे तशी उन्हात धरली.

"आखूड आहे. बरोबर कापलेली आहे," म्हणाले.

"बूड वाचा."

"मॅग्नम." मग नखाने घासलं. "खूण कुठे आहे?"

"नाही."

"आत काय होतं?"

"मॅग्नमचीच दारू."

"कोणी भरली?"

मी म्हटलं, "तुम्ही, बाबा."

त्यांनी व्हर्नियर मिटला, पेटीत ठेवला, पेटीची कडी लावली. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, किंवा चिडतील. पहिला प्रश्न विचारला तो असा: "निमिषच्या हातात नाही ना ह्या?"

मी सगळं सांगितलं. कुंकवाचंही. कुंकवाचं ऐकून ते थोडं हसले. म्हणाले, "देवाने आशीर्वाद दिला असेल, तपासणी थोडीच केली!"

मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"चार आठवडे झाले."

"आन् मला आज सांगून राहिली? काहून?"

मी व्हर्नियरची पेटी बाजूला सरकवली.

"ड्रॉइंगमध्ये चूक निघाली तर पहिले कोणाला सांगतात? ज्याने काढलं त्याला. की दुनियेला चिठ्ठ्या पाठवतात आन् त्याच्यापासून लपवतात?" आवाज चढवला नाही. "ते कुलूपही माझ्यासमोर लावायचं होतं. मीच लावलं असतं. पाना माझा होता ना?"

पाना त्यांचाच होता. मी तो न विचारता घेतला होता.

त्यानंतर त्यांनी स्वतःहून तुला फोन लावायला सांगितलं. तुझं घड्याळ तीन तास पुढे, तुझ्याकडे दुपार होती. फोन स्पीकरवर होता हे तुला माहीत नव्हतं. ते आता सांगते. मी खोलीत होते, आणि या वेळी मी अजिबात आवाज केला नाही.

बाबा म्हणाले, "निमिष, मी दिलेल्या त्या गोळ्या उडवू नकोस. माझ्या भरण्यात चूक झाली."

तू म्हणालास, "बरं बाबा."

"एखादी उडवली का?"

"नाही बाबा."

"ठेव कुठे तरी लांब."

"हो, ठेवतो. जेवलात का?"

बाबांचं समाधान झालं. ते आत जाऊन आडवे झाले. मी तिथेच बसून राहिले.

दादा, तू "का" असं विचारलं नाहीस.

वडील आयुष्यात पहिल्यांदा म्हणतात की माझ्या भरण्यात चूक झाली, आणि मुलगा म्हणतो "बरं," आणि जेवणाचं विचारतो. तू मागच्या वर्षी एका कुलपावरून घर डोक्यावर घेतलंस. आज तू म्हणायला हवं होतंस, कसली चूक, कोण म्हणतं, आशू म्हणते का. तू यातलं एकही म्हणाला नाहीस. ज्याला एखादी गोष्ट पहिल्यांदा कळते तो विचारतो. जो विचारत नाही त्याला ती आधीच माहीत असते.

माझी पत्रं तू उघडली नाहीस असं वहिनी सांगते. ते खरं असेल तर तुला दुसरीकडून कळलं आहे; वहिनीकडून कळलं असतं तर तू बाबांपाशी माझ्यावर चिडला असतास. आणि दुसरीकडून कळायचा एकच मार्ग मला दिसतो.

डबा कुठे आहे? रिव्हॉल्व्हर कुठे आहे? तुझे दोन्ही हात कसे आहेत?

या वेळी मला उत्तर हवं आहे. तू दिलं नाहीस तर शुक्रवारी, तीन ऑक्टोबरला, विमान आहे, मी तिकीट बघून ठेवलं आहे. बाबांना घेऊन येईन. दार उघडावं लागेल.

आश्लेषा


बॉथेल, ३ ऑक्टोबर

दादा,

तुझा खोका काल आला, दसऱ्याच्या संध्याकाळी. तिकीट काढलं नाही.

तुझी चिठ्ठी इतकी लहान आहे की पाठ झाली. "आशू, डिसेंबरमधेच उडवल्या. पाच ओके होत्या. सहावीने सिलिंडर फाडला. तीन टाके, आयब्रोवर. लेफ्ट अंगठ्याला अजून फीलिंग नाही. बाकीच्या मी क्लबच्या माणसाला देऊन टाकल्या. तुला सांगितलं असतं तर तू राइट ठरली असतीस, आणि बाबा संपले असते. प्लीज त्यांना नको सांगूस. दसऱ्याला उडवणार म्हणालो ते त्यांना बरं वाटावं म्हणून."

जानेवारीत बाबांच्या वाढदिवसाच्या व्हिडिओ कॉलवर तुझ्या भुवईला पट्टी होती. तू म्हणालास, कपाटाचं दार लागलं. मी तेव्हा बाबांच्या मागून जाताना ते पाहिलं आणि मनात म्हटलं, लक्ष नसतं याचं. एवढंच म्हटलं.

म्हणजे दहा महिने तू जे लपवलंस ते मी एका सकाळी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. रीमावहिनी काळजी सोड म्हणाली ते खरं होतं, आणि मी ते मोजलं नाही. तू गप्प होतास तो माझ्यावर रागावून, असं मी धरून चालले होते. काही भाग राग असेलच. तो मी तुझ्याकडेच राहू देते.

पण तुझ्या चिठ्ठीतलं एक वाक्य चुकीचं आहे, ते दुरुस्त करायला हे पत्र. बाबा संपले नाहीत.

खोका मी स्वयंपाकघरात उघडला. फाटलेलं सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. मी ते कपाटात ठेवायला निघाले, तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आले. "काय आहे ते?" म्हणाले. मी वर्तमानपत्र काढलं. मग त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. भेगेवरून अंगठा नेला आणि एका जागी थांबवला. "इथून सुरू झाली. ही चक्र अडवायची खाच आहे ना, तिच्या तळाशी भिंत सगळ्यात पातळ असते. मग इकडे गेली, मग वर." अगदी पूर्वी, नोकरीत असताना, डायनिंग टेबलावर विमानाच्या भागांबद्दल बोलायचे तसे. शब्दही अडखळला नाही.

मग त्यांनी ते सिलिंडर डाव्या हातात, रिव्हॉल्व्हरमध्ये असतं त्या उंचीवर धरलं. उजव्या हाताने नसलेली मूठ पकडली. तोच डावा हात सिलिंडरसकट खालून आधाराला आणला, अंगठा थोडा पुढे गेला, त्यांनी तो बघितला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे नेला. बराच वेळ ते तुझ्या बोटांच्या जागा शोधत होते.

"निमिषचा अंगठा इथे असेल," म्हणाले. "मीच शिकवलं होतं तसं धरायला." आणि मग, "डोळा?"

मी म्हटलं, "डोळा शाबूत आहे. बाकीचं तो सांगेल."

"त्याला म्हण, माझ्यासाठी खोटं बोलायचं असेल तर बोलू नको. मला खोटं पचत नाही आता, लक्षात ठेवायला लागतं."

यावर ते स्वतःच हसले. मला हसू आलं नाही, पण हसले.

आता मी तुला सांगितलेलं नाही ते. एकवीस तारखेला मी बाबांना सांगितलं असं लिहिलं होतं. चौथ्या दिवशी ते सकाळी उठून गराजच्या दाराशी उभे होते. किल्ली मागत होते. निमिषच्या दसऱ्याकरता आणखी एक डबा भरायचा होता. त्यांना काहीही आठवत नव्हतं. मी त्यांना डेकवर आणलं, पुंगळी आणि व्हर्नियर ठेवला, आणि सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा नखाने घासलं, आणि पुन्हा पहिला प्रश्न तोच विचारला: निमिषच्या हातात नाही ना ह्या? मंगळवारी आणखी एकदा. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकतात. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा तसाच होतो. मी दुसऱ्यांदा सोपं काही तरी सांगू शकले असते, की दुकान बंद आहे, की दारू संपली. सुचलं होतं. सांगितलं नाही, कारण त्यांनी मला विचारलं होतं की चूक कोणाला सांगतात.

आज सकाळी सिलिंडर त्यांच्या पलंगाशेजारी होतं. त्यांनी मला विचारलं, हे कोणाचं फुटलं?

तेव्हा हे असं आहे. ते बरे होणार नाहीत. मला कोणी तरी बरोबर ठरवण्याची गरज नाही, आणि तू त्यांच्या आणि माझ्यामध्ये उभं राहण्याचीही. मला दुसरा माणूस हवा आहे.

तू मला अजून अनब्लॉक केलं नाहीस. ते नंतर बघू. हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. रविवारी तुझा फोन येईल तेव्हा मी बाबांना चहा देऊन बाहेर फिरायला जाईन आणि तासाभराने येईन. स्पीकर बंद असेल. ते तुला हाताचं विचारतील. कपाटाच्या दाराचं सांगू नकोस. कुठलं काडतूस, अंगठा कुठे होता, टाके किती, सगळं सांग. ते आधी रागावतील, मग गप्प होतील, मग भेगेबद्दल विचारतील. तिथे घाई करू नकोस, त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं असतं.

त्यापुढच्या रविवारी त्यांना यातलं काही आठवणार नाही. ते पुन्हा विचारतील. पुन्हा सांग. बाकीचे सहा दिवस मी सांगते आहे.

आशू